लहान स्कूल डिस्ट्रिक्टमधील हायस्कूलचे आकडे कसे वाचावेत

प्रश्न : आम्ही मध्य न्यू जर्सीतील एका छोट्या गावात घर पाहत आहोत. मुलगी सातवीत आहे. तेथील हायस्कूलला १० पैकी ६ गुण दिसतात, तर शेजारच्या मोठ्या डिस्ट्रिक्टमधील हायस्कूलला ९. तिकडची घरे आम्हांला परवडणारी नाहीत. शिवाय छोट्या शाळेत भारतीय मुले फारच कमी आहेत. मुलीचे नुकसान तर होणार नाही ना?

उत्तर : सर्वप्रथम, ते हायस्कूल खरोखर त्याच गावाचे आहे का, याची खात्री करून घ्या. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट (सार्वजनिक शाळा चालवणारे स्थानिक विभाग) आहेत आणि त्यांपैकी अनेकांकडे स्वतःचे हायस्कूल नाही. क्रॅनबरीची मुले आठवीनंतर प्रिन्स्टन हायस्कूलमध्ये जातात, तर मिलस्टोन टाउनशिपची मुले ॲलनटाउनच्या हायस्कूलमध्ये. अशा वेळी हायस्कूलचा अहवाल दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या नावाखाली सापडतो, विद्यार्थ्यांची सामाजिक रचना दोन्ही गावांची मिळून बनते, आणि त्या शाळेचे बहुतांश निर्णय ज्याच्या निवडणुकीत तुम्ही मत देऊ शकत नाही अशा शाळा-मंडळाच्या (बोर्डाच्या) हाती असतात.

घरांच्या संकेतस्थळांवर दिसणारे गुण बहुधा ग्रेटस्कूल्स या शाळांना गुण देणाऱ्या संस्थेचे असतात. ते पाहून थांबू नका; राज्याच्या शिक्षण विभागाचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. २०१५ च्या संघीय कायद्यानुसार प्रत्येक राज्याला असे अहवाल प्रसिद्ध करावे लागतात आणि त्यांत वंश, कुटुंबाची आर्थिक स्थिती, इंग्रजी शिकत असलेली मुले, दिव्यांग मुले अशा गटांचे निकाल वेगवेगळे द्यावे लागतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या गटांच्या तक्त्यांत आहे, एकूण गुणांत नाही.

समजा, पहिल्या शाळेत ८० टक्के मुले सुस्थितीतील घरांतली आहेत व त्यांपैकी ७० टक्के गणितात अपेक्षित पातळी गाठतात, तर उरलेल्या २० टक्के गरीब मुलांपैकी ३० टक्के. एकूण निकाल ६२ टक्के झाला. दुसऱ्या शाळेत सुस्थितीतील मुले ४० टक्केच आहेत, पण त्यांपैकी ७५ टक्के ती पातळी गाठतात, आणि गरीब मुलांपैकी ३५ टक्के. एकूण निकाल ५१ टक्के. संकेतस्थळावर दुसरी शाळा मागे दिसेल. प्रत्यक्षात दोन्ही गटांतील मुलांचा निकाल तिथे अधिक चांगला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक शॉन रीअर्डन यांनी देशभरातील डिस्ट्रिक्टच्या चाचण्यांचा अभ्यास करून हेच दाखवले की सरासरी गुण कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीशी घट्ट बांधलेले असतात, परंतु मुले दरवर्षी किती पुढे सरकतात याचा त्या स्थितीशी संबंध बराच सैल असतो. शिकागोसारख्या गरिबी मोठ्या प्रमाणात असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये तिसरी ते आठवी या पाच वर्षांत मुलांनी सरासरी सहा वर्षांइतकी प्रगती केल्याचे त्यांना आढळले. म्हणूनच गरीब घरांतील मुलांचा निकाल चांगला असलेली शाळा मला नेहमी अधिक विश्वासार्ह वाटते, आणि तुमची मुलगी त्या गटात नसली तरी तो तक्ता तुम्ही आवर्जून पाहावा, असे मी मनापासून सांगते.

लहान शाळेचे आकडे वाचताना मात्र एक वेगळी काळजी घ्यावी लागते. बारावीच्या तुकडीत ६० मुले असतील, तर एका मुलामागे ग्रॅज्युएशन रेट (वेळेत डिप्लोमा घेणाऱ्यांची टक्केवारी) जवळजवळ पावणेदोन टक्क्यांनी हलतो. जो नववी ते बारावी अशा चार वर्षांत डिप्लोमा घेत नाही, तो या गणितात उत्तीर्ण धरला जात नाही; एखादा दिव्यांग विद्यार्थी आपल्या हक्काप्रमाणे २१ व्या वर्षापर्यंत शाळेत राहिला, तरीसुद्धा. अशी तीन मुले असली की टक्केवारी पाच अंकांनी उतरते, आणि ते शाळेने आपले कर्तव्य नीट बजावल्याचे लक्षण असू शकते. टॉमस केन आणि डग्लस स्टेगर या अर्थतज्ज्ञांनी नॉर्थ कॅरोलायनातील शाळांविषयी २००२ साली दाखवून दिले की यादीच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकांना लहान शाळाच अधिक दिसतात, कारण थोड्या मुलांची सरासरी दरवर्षी जोरात वर-खाली होते. त्यामुळे किमान तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचा. ज्या गटात मोजकीच मुले असतात, त्यांचा आकडा खासगीपणासाठी झाकलेला असतो. छोट्या शाळेत ‘एशियन’ या ओळीत तुम्हांला आकड्याऐवजी बहुधा फुलीच दिसेल. तिच्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका. आकडा दिसला तरी त्या एका शब्दात भारतीय, चिनी, व्हिएतनामी, ब्रह्मी अशी अतिशय भिन्न परिस्थितीतील कुटुंबे एकत्र मोजलेली असतात.

भारतीय मुले अधिक म्हणजे शाळा उत्तम, हे समीकरण आपल्या समाजात फार रुजले आहे. पण भारतीय मुले मोठ्या संख्येने असलेल्या वेस्ट विंडसर–प्लेन्सबरो या नावाजलेल्या डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट (प्रमुख प्रशासक) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी २०१५ साली पालकांना दीर्घ पत्र लिहून मुलांवरील ताणाविषयी इशारा दिला होता, आणि त्यानंतरच्या बदलांवरून तेथील पालकांमध्ये तीव्र मतभेद झाले होते. मुलीला मराठी बोलणाऱ्या मैत्रिणी हव्यात, ही तुमची इच्छा अगदी योग्य आहे. पण ती गरज रविवारची मराठी शाळा आणि महाराष्ट्र मंडळही भागवू शकतात.

लहान हायस्कूलची खरी मर्यादा विषयांच्या उपलब्धतेत असते, आणि तिथे मी तुम्हांला खोटा दिलासा देणार नाही. पुस्तिकेत वीस एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे) कोर्स छापलेले असले, तरी पुरेशी मुले आली नाहीत की वर्ग भरत नाही. एपी केमिस्ट्रीचा एकच वर्ग असेल आणि तो बँडच्याच तासाला येत असेल, तर मुलीला एक सोडावे लागते. भौतिकशास्त्राचे एकमेव शिक्षक निवृत्त झाले की वर्षभर पर्याय सापडत नाही. म्हणून शाळेच्या काउन्सेलरना (मार्गदर्शकांना) भेटून गेल्या तीन वर्षांत कोणते वर्ग प्रत्यक्ष चालले, कॅल्क्युलसनंतर गणितात काय आहे, आणि काउंटी कॉलेजमध्ये (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सार्वजनिक कॉलेजात) जाऊन विषय घेता येतो का, त्याचे शुल्क कोण भरते, हे थेट विचारा. उत्तरे समाधानकारक मिळाली, तर ६ गुणांच्या त्या शाळेत मुलीला पाठवायला मी कचरणार नाही. ज्या वर्गात शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात, तिथे लाजाळू मुलेही पुढे येतात.

मॉनमथ आणि मिडलसेक्स या काउंट्यांच्या स्वतंत्र निवड-प्रवेशाच्या अकॅडमीही आहेत. लिंक्रॉफ्टचे हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल त्यांपैकीच एक. त्यांत त्या-त्या काउंटीतील रहिवाशांच्या मुलांनाच प्रवेश मिळतो आणि अर्ज आठवीत असताना करावा लागतो. तुमची मुलगी सातवीत असल्याने घराचा करार करण्यापूर्वी ते घर नेमके कोणत्या काउंटीत येते, हे पाहून घ्या, आणि येत्या वर्षाच्या अर्जाची मुदत त्या अकॅडमीकडून आताच विचारून ठेवा.