सोलापूरहून १२ जण मे महिन्यात हिमालयातल्या जंगलात तंबूत राहायला जाणार आहोत. काय तयारी करावी? सोलापुरी चादरी न्याव्यात का?

चादरी नेऊ नका. आधी एवढं सांगून मोकळा होतो, कारण सोलापूरकर कुठल्याही गावाला निघाला की पिशवीत चादर पडतेच आणि तिच्याविरुद्ध बोललेलं घरात खपत नाही. सुती चादर वजनाला जड, ओल धरणारी, आणि डोंगरात एकदा दमट झाली की परत येईपर्यंत वाळत नाही. रेल्वेत पांघरा, सांकरीच्या, म्हणजे उत्तराखंडातल्या तुमच्या पायथ्याच्या गावातल्या खोलीत पांघरा, वर निघताना तिथेच ठेवून जा.

आता मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तीन कुटुंबं आहेत, सगळ्यात धाकटा अकरा वर्षांचा आणि सासरे बासष्टचे. रजा दहा दिवसांची. टूरवाल्याने सांकरीहून केदारकंठा शिखराचा बेत दिलाय आणि तंबूत आजवर कुणी झोपलेलं नाही. मी इथून मित्रमंडळी आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन त्या भागात जात असतो, त्यामुळे स्पष्टच लिहितो: शिखर बेतातून काढून टाका आणि जंगलात एकाच जागी दोन रात्री राहा.

हिशेब करून बघा. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून डेहराडून, आणि डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत साधारण दोनशे किलोमीटरचा घाटरस्ता. तो रस्ता अख्खा दिवस खातो. म्हणजे जायला तीन दिवस, यायला तीन दिवस, हातात उरले चार. त्या चारांत टूरवाला तुम्हाला १,९५० मीटरवरच्या सांकरीहून ३,८१० मीटरवर नेऊन परत आणणार. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. आपल्या फुप्फुसांना विरळ हवेची ओळखच नसते. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ७० टक्केच असतो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ पैसे जास्त भरून मिळत नाही. पॅकेजमध्ये राखीव दिवस एकही नाही. एकाचं डोकं दुखलं तर बाराच्या बारा जणांचं तोंड उतरणार, आणि मग तो माणूस दुखणं लपवणार. ग्रुपमध्ये हा सगळ्यात मोठा धोका असतो, थंडीपेक्षा मोठा.

त्याऐवजी सांकरीत एक दिवस पूर्ण थांबा, गावात हिंडा, देवदाराच्या लाकडाची जुनी घरं बघा. दुसऱ्या दिवशी सावकाश चढून २,७०० मीटरच्या आसपास, जुडा का तालाबच्या परिसरात वनखात्याने ठरवून दिलेल्या जागी मुक्काम करा. तिथे दोन रात्री. मधल्या दिवशी ज्यांचे पाय शिवशिवतात त्यांनी गाईडबरोबर वर बर्फापर्यंत जाऊन दुपारी परत यावं, बाकीच्यांनी झाडाखाली पडून राहावं. सासऱ्यांना पटकन पटेल.

आणि जंगलातला मुक्काम हा काही कमी प्रतीचा नाही. लोकांना फोटोत दिसतात तसे हिरव्यागार कुरणातले तंबू हवे असतात. त्या कुरणांना तिकडे बुग्याल म्हणतात. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, कारण तंबू, खड्डे आणि खेचरं यांनी ती माती उसकटत चालली होती. खरं तर राहायलाही जंगलच बरं. झाडं वारा अडवतात, डोक्यावर फांद्या असल्या की दव कमी पडतं, आणि दुपारी गारांचा पाऊस आला तर उघड्यावर सापडत नाही.

जागा निवडताना मात्र वर बघायची सवय लावा. सुकलेली, अर्धवट मोडून लटकणारी फांदी डोक्यावर असेल तर तिथे तंबू नको. एकट्या उंच झाडाखाली नको, कारण मे-जूनमध्ये दुपारनंतर विजा होतात. कोरड्या नाल्यात नको, दिसायला कितीही सपाट असला तरी. अगदी खोलगट भागातही नको; थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहत येऊन तिथे साचते. चार पावलं वर सरकलात तरी फरक कळतो.

तंबू लावायला माणसं असतात, पण प्रत्येक घरातल्या एकाने तरी ते शिकून घ्यावं. खुंटी उभी ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं असलं पाहिजे, म्हणजे दोरीने ओढली तरी उपटत नाही. खाली दगड लागून खुंटी जात नसेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा. नायलॉनचं कापड ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी एकदा हिंडून दोऱ्या ताणायच्या. तंबूखाली प्लॅस्टिक अंथरणार असाल तर ते तंबूच्या तळापेक्षा बोटभर आतच ठेवा. बाहेर आलेल्या कडेवर पावसाचं पाणी पडतं आणि सरळ तुमच्या पाठीखाली जातं. ही चूक अनुभवी म्हणवणारेही करतात.

पहाटे बहुतेक नवखे एकच तक्रार करतात: तंबू गळतोय. गळत नसतो. तुमच्याच श्वासातली वाफ थंड कापडाला लागून पाणी होते आणि टपकते. थंडी वाजते म्हणून वरच्या जाळ्या बंद केल्या की हा प्रकार दुप्पट होतो. जाळी उघडी ठेवा, चेन वरून चार बोटं उघडी ठेवा, आणि स्लीपिंग बॅग कापडाला टेकू देऊ नका. ओले मोजे, ओला रेनकोट आत वाळत घालू नका. टोपी कानावरून ओढून घ्या, पण तोंड बॅगेत खुपसून झोपू नका.

थंडीबद्दल: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मे महिन्यात त्या उंचीवर रात्रीचा पारा एक आकडी असतो, पाऊस-गारा झाल्या तर आणखी खाली. सोलापुरात ४२ अंशांत गाडीत बसलेल्या माणसाला हा बदल बोचतो. ही थंडी येते ती खालून. लोक अंगावर तीन-तीन स्वेटर चढवतात आणि पाठीखाली पातळ चटई टाकतात. अंगाखालची स्लीपिंग बॅग वजनाने दबते आणि तिची ऊब जाते, म्हणून फोमची मॅट चांगली जाड हवी. शक्य असेल तर एकावर एक दोन. भाड्याची बॅग घेताना तिच्यावरचा ‘कम्फर्ट’ तापमानाचा आकडा वाचा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा म्हणजे फक्त जीव वाचेल, झोप नाही. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, दिवसभर घामेजलेले चढवून आत शिरू नका. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून पायाशी ठेवा.

वाटणी हा नाजूक विषय. टूरवाला म्हणतो तीन माणसांचा तंबू, तर त्यात दोन माणसं आणि त्यांच्या सॅका असं धरा. बारा जणांना सहा तंबू मागा, वाद घाला, पण मागाच. घोरणारे एका तंबूत आणि तो तंबू ओळीच्या टोकाला. हे सांकरीत हसत-खेळत ठरवा. रात्री अकरा वाजता ठरवायला गेलात तर जुनी भांडणं निघतात. अकरा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाबरोबर झोपवा आणि गळ्यात शिट्टी अडकवा. सासरे रात्री उठणार हे गृहीत धरून त्यांचा तंबू टॉयलेटच्या वाटेवर लावा. रात्री कुणीही एकटं जायचं नाही, जोडीदाराला उठवायचं, त्याने शिव्या घातल्या तरी चालेल. हेडलॅम्प माणशी एक. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो, आणि थंडीत बॅटरीही भराभर उतरते.

टॉयलेट म्हणजे छोट्या तंबूतला खड्डा. वापरला की माती टाकायची. तो पाण्यापासून निदान साठ मीटर लांब असला पाहिजे. कॅम्पवाल्याने जवळ खणला असेल तर तिथल्या तिथे बोला. ओल्या टिश्यू मातीत कुजत नाहीत, त्या पिशवीत घालून खाली आणायच्या. बायकांनी सॅनिटरी पॅडसाठी वेगळी घट्ट पिशवी न्यावी. हे ग्रुपवर आधीच उघडपणे बोललं गेलं की नंतर कुणाची पंचाईत होत नाही.

खाण्यात आपण सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी याहून चांगलं कॅम्पचं खाणं मला माहीत नाही. भाकरी आठवडाभर सहज टिकते, गॅस लागत नाही, गरम डाळीत चुरली की जेवण झालं. फक्त ती हवाबंद डब्यात न्या, कारण तिकडच्या दमट हवेत मऊ पडून चिवट होते. चटणी तेलकट आणि शेंगदाण्याची, म्हणजे थंडीत हवीच असलेली ताकद. पण डबा तंबूत ठेवायचा नाही. लसणाचा वास कुत्र्यांना, उंदरांना आणि त्या जंगलात वावरणाऱ्या काळ्या अस्वलांनाही येतो. खाण्याचं सगळं रात्री किचन तंबूत, बिस्किटाचा पुडासुद्धा. मुलांचे खिसे तपासा.

२,७०० मीटरवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ-राजमा शिजत नाही. पुरोल्याचा लाल तांदूळ आणि तिकडचा राजमा जरूर खा, पण कुकर आहे का ते आधी विचारा.

शेकोटीचा आग्रह धरू नका. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि मे म्हणजे तिकडे वणव्यांचा हंगाम. चीडाच्या, म्हणजे तिकडच्या पाइन झाडाच्या, वाळलेल्या सुया पेटायला ठिणगी पडायचाच अवकाश. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह, विझत आलेला असला तरी, झोपायच्या तंबूत घ्यायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहाडात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, तंबू तर खोलीपेक्षा लहान. ‘बसण्याचा’ बेत असेल तर तो खाली उतरल्यावर सांकरीत करा, तोही जपून. दारूने अंग गरम वाटतं पण शरीरातली ऊब कातडीवाटे निघून जाते, आणि झोपेत श्वास आणखी मंदावतो.

तब्येतीचा नियम सोपा आहे. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटतंय, तर तो माणूस त्या दिवशी वर जाणार नाही. वाढत गेलं तर खाली, आणि सोबत एक जण. बसल्याजागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच उतरवायचं. विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्या सासऱ्यांना आणि मुलाला स्वतःच्या मनाने देऊ नका. जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना रक्तदाब, मधुमेह, सल्फाची अ‍ॅलर्जी सगळं सांगून विचारा. आणि दुखणं सांगणाऱ्याला कुणी ‘काय की ओ, एवढ्यात दमलात’ म्हणायचं नाही, हे सोलापुरातच बजावून ठेवा.

सरावाला इथे डोंगर नाही, मान्य. पण जिने आहेत. पाच-सहा किलोची सॅक पाठीला लावून आठवड्यातून चारदा जिने चढा, आणि उतरासुद्धा, कारण गुडघे उतरताना बोलतात. एरवी पहाटे कंबर तलावाला फेऱ्या मारा. ऊन चढायच्या आत संपवा, मार्चपासून इथे व्यायामाने कमी आणि उन्हाने जास्त माणसं आडवी होतात. गच्चीवर एक रात्र तंबू लावून झोपून बघा. मुलांना मजा वाटेल आणि चेन कुठून उघडते हे अंधारात कळेल.

तिकडे जाताना नैटवाडला वनखात्याची नोंदणी आणि शुल्क असतं. सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती एकाच फाइलमध्ये एकाकडे ठेवा. रोख पैसे पुरोल्यात काढून घ्या. सांकरीत मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका, घरच्यांना तसं आधी सांगा.

तंबू आणि बॅगा विकत घेऊ नका, तिकडे भाड्याने मिळतात. बूट मात्र भाड्याचे नकोत. आत्ताच घ्या, जाड मोज्यांवर घालून बघा, उतारावर अंगठा पुढे टेकत नाही ना ते तपासा, आणि नव्या पेठेत बाजाराला जाताना तेच घाला. लोक हसतील थोडे. उरलेलं कमेंटमध्ये विचारा, विशेषतः टूरवाल्याने सहा तंबूंना नाही म्हटलं तर.