मापाचा शर्ट घेऊन ये

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पहिला पगार झाला आणि तू कपाट भरायला निघालास, असं तुझ्या आईकडून कळलं. भर, पण आधी रिकामं कर. सगळे कपडे पलंगावर काढ आणि गेल्या महिन्याभरात जे अंगावर चढले, तेवढेच परत आत ठेव. बाकीच्यांचं गाठोडं बांध.

ठाण्यात कपडे किती लागतात हे पाऊस ठरवतो. जुलैत बाल्कनीतल्या दोरीवरचा शर्ट दोन दिवस दमट राहतो, जीन्स तर तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओलसर लागते. म्हणून पाच दिवसांच्या ऑफिसला सात शर्ट धर. तीन पँट, एक जीन्स, घरी-बाहेर चार टी-शर्ट. शर्ट पांढरे आणि फिकट निळे, पँट गडद निळी, राखाडी, खाकी. सकाळी दिवा न लावता काढलेला कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर गेला पाहिजे. पाडव्याच्या स्वागतयात्रेला आणि राम मारुती रोडवरच्या दिवाळी पहाटेला एकच चांगला सुती कुर्ता पुरतो.

कापडात मात्र तडजोड करू नकोस. मी पहिल्या पगारात सेलमधून सहा चकचकीत पॉलिएस्टर शर्ट घेतले होते. नऊच्या गाडीने ऐरोलीला उतरेपर्यंत ते पाठीला चिकटायचे आणि कितीही धुतले तरी काखेतला वास जायचा नाही. सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल नुसत्या हवेतून शोषतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मग घाम जाणार कुठे? पँटच्या सुती कापडात थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं चालतं; ती कमी चुरगळते आणि लवकर वाळते.

जमेल तितकं शिवून घे, असं माझं ठाम मत आहे. ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) १.६ मीटर कापड पूर्ण बाह्यांच्या शर्टाला पुरतं. शिवायला टाकण्याआधी ते पाण्यातून काढ, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं. शिंप्याला शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांग; दोन वर्षांनी पोट सुटलं तरी शर्ट उसवून मोठा करता येतो. तयार शर्ट घेतलास तर आधी खांदा बघ. शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. कंबर, लांबी, बाही शिंपी सहज कमी करतो. खांदा उतरलेला असेल तर शर्ट दुकानातच ठेव.

बूट दोन जोड, आलटूनपालटून घाल. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, तेव्हा रबरी सँडलच बरे.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता जांभळी नाक्यावर भेट. तुला सगळ्यात नीट बसणारा शर्ट धुऊन, इस्त्री करून आण. पहिली दोन कापडं आपण मिळून निवडू आणि शिंप्याला मापासाठी तोच शर्ट देऊ.

तुझा,
काका