सतरा आठवडे आणि नडगीचे हाड

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

धुळवडीच्या दिवशी तू वडिलांसोबत घरी आलास, एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, शिफारस मिळाल्याचे पेढे दिलेस आणि वैद्यकीय तपासणीही पार पडल्याचे सांगितलेस, तेव्हा झालेला आनंद त्या गडबडीत मला नीट बोलून दाखवता आला नाही. निघताना मात्र तू आमच्या जिन्यावरून कठडा धरून, एकेक पायरी तिरका उतरत गेलास, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. बावीस वर्षांचा मुलगा जिना असा उतरत नाही. रात्री तुझ्या वडिलांना फोन केला तेव्हा कळले की गेले तीन आठवडे तू रोज पहाटे दहा किलोमीटर धावतोस, त्यातले शेवटचे चार किलोमीटर वाळूने भरलेली सॅक पाठीवर घेऊन, आणि तेही सिमेंटच्या रस्त्यावरून. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. समोरासमोर सांगितले असते तर तू "हो काका" म्हणाला असतास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा किलोमीटर धावला असतास.

गुणवत्ता यादीत नाव आले की जुलैच्या सुरुवातीला तुला डेहराडूनच्या लष्करी अकादमीत रुजू व्हायचे आहे, आणि कमिशन मिळाल्यावर पॅरा स्पेशल फोर्सेससाठी स्वेच्छेने नाव देण्याचा तुझा निश्चय आहे. तिथला नव्वद दिवसांचा प्रोबेशनचा, म्हणजे कसोटीचा, काळ तुझ्या डोक्यात इतका भरला आहे की त्याआधीचे अकादमीतले दीड वर्ष तू धरतच नाहीस. अकादमीत पाय दुखावून आठवडेच्या आठवडे कवायतीबाहेर राहिलेला कॅडेट अनेकदा रेलिगेट होतो, म्हणजे मागच्या तुकडीत ढकलला जातो. पॅराच्या मरून रंगाच्या टोपीकडे जाणारी वाट त्याच कवायतीच्या मैदानावरून जाते, आणि त्या मैदानावर पहिल्या दिवशी दुखऱ्या नडग्या घेऊन उभे राहायचे की धडधाकट पायांनी, हे आजपासूनच्या सतरा आठवड्यांत ठरणार आहे.

माझी गोष्ट तुझ्या वडिलांनी तुला सांगितली नसेल, कारण मी ती कुणाला फारशी सांगत नाही. पलटणीतून मी स्वतः पॅराच्या प्रोबेशनसाठी नाव दिले होते. हातात दोन महिने होते आणि अंगात रग होती. त्या काळी आम्हाला पीटीसाठी तपकिरी कॅनव्हासचे बूट मिळत, आणि ते घालून मी रोज सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर पिठ्ठूसह, म्हणजे पाठीवरच्या भरलेल्या सॅकसह, धावलो. सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखू लागले. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गेलो तर नाव कापले जाईल या भीतीने मी ते दडवले, रात्री गरम तेल चोळले आणि सकाळी पुन्हा फॉल इन झालो. प्रोबेशनच्या अकराव्या दिवशी रात्रीच्या मार्चमध्ये तो पाय जमिनीवर टेकेना. आरटीयू, म्हणजे परत आपल्या पलटणीत. पुढे पीटीचा उस्ताद झालो, बावीस वर्षे पोरांना धावायला शिकवले, पण तो अकरावा दिवस माझ्या हिशेबात अजून तसाच शिल्लक आहे. दोष कुणाचाच नव्हता. माझी छाती तयार होती आणि हाड तयार नव्हते.

हे का होते ते नीट समजून घे. धावायला सुरुवात केली की दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो, कारण रक्तातले पाणी वाढते आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो, आणि स्नायुबंध व हाडे सर्वांत मागे राहतात. हाड नव्या भाराला तोंड देताना आधी स्वतःला कोरते आणि मग भरते. कोरण्याचे काम साधारण तीन आठवड्यांत उरकते, पण ती पोकळी पक्क्या हाडाने भरून यायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे ज्या दिवसांत तुला वाटते की आता आपण जोरात आलो, नेमक्या त्याच दिवसांत नडगी पूर्वीपेक्षा कच्ची असते. प्रशियाच्या सैन्यातला ब्राइटहाउप्ट नावाचा शल्यचिकित्सक 1855 मध्ये लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन करून गेला. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1895 मध्ये लागला, आणि मग कळले की ती पावलातल्या हाडांना गेलेली बारीक चीर असते. आजही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानून पुन्हा धावायला जाऊ नकोस.

माझे सांगणे एवढेच आहे की हाड कच्चे असण्याचा तो काळ तुला नागपुरातच ओलांडायचा आहे. इथे कुणी शिट्टी वाजवत नाही, कुणी रगडा देत नाही, दुखले तर थांबण्याची मुभा आहे. डेहराडूनला ती नसेल.

तेव्हा उद्यापासून दहा दिवस धावणे पूर्ण बंद. सायकल चालव, उत्तर अंबाझरी मार्गावरच्या तरण तलावात पोह, पण पायावर आदळआपट नको. दहाव्या दिवशी नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत वरून खाली ने. कडेने वीतभर पट्टा दुखत असेल तर ती स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथली ओढ असते आणि विश्रांतीने जाते. पण एखाद्या नाण्याएवढ्या जागी कळ येत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारताना दुखत असेल, तर मला फोन न करता थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. त्याच फेरीत रक्तातले हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घे. दोन वर्षे अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटखाली बसलेल्या मुलाच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही, सूर्य डोक्यावर तळपणाऱ्या या गावात राहूनही.

सगळे ठीक निघाले तर आठवड्यातून चार दिवस धाव, सहा दिवस नको. त्यातले तीन दिवस इतके सावकाश की शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. हे तुला कमीपणाचे वाटेल, कारण फुटाळा तलावाच्या काठावर मुली-म्हातारे तुला मागे टाकून जातील, जाऊ दे. चौथ्या दिवशी वेगाचे काम कर, चारशे मीटरच्या सहा-आठ फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. सिमेंटचा रस्ता सोड. आपल्या शहरात तो आता गल्लीबोळात पोहोचला आहे, तरी सेमिनरी हिल्सवर मातीच्या पायवाटा अजून शिल्लक आहेत, आणि तिथला चढ-उतार तुला सपाट रस्त्यावर कधीच मिळणार नाही. चढताना छाती तयार होते, उतरताना मांड्या. आणि मार्चमध्ये माणूस बहुधा उतारावर मोडतो. पंधरा दिवसांतून एकदा रामटेकला जा आणि गडाच्या पायऱ्या दोनदा चढून सावकाश उतर. उतरताना कठडा धरायचा नाही.

आठवड्याचे एकूण अंतर दर आठवड्याला थोडेसेच वाढव आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम एक-तृतीयांशाने कमी कर. वाढत्या आलेखाची तुमच्या पिढीला फार हौस असते, घड्याळातले ते ॲप रोज टाळ्या वाजवते. चौथ्या आठवड्यात ते घड्याळ कपाटात ठेव.

पिठ्ठूबद्दल तुझी घाई सर्वांत जास्त आहे, म्हणून यावर थोडे अधिक लिहितो. माझ्या काळी बीपीईटीमध्ये, म्हणजे सैन्यातल्या लढाऊ शारीरिक चाचणीत, पूर्ण रणसाज आणि रायफल घेऊन पाच किलोमीटर धावावे लागे. तेव्हा तिशीच्या आतल्या जवानाला उत्कृष्ट श्रेणीसाठी पंचवीस मिनिटे मिळत, आणि पॅराचे उस्ताद तेवढ्यावर खूश होत नसत. पण ते धावणे ज्याने त्याने त्या-त्या वेळी करायचे असते. आज तू ओझे घेऊन फक्त चालायचे आहेस. पहिले सहा आठवडे ओझे नकोच. त्यानंतर आठवड्यातून एकदा, सहा-सात किलोने सुरुवात करून, पाच किलोमीटर झपझप चाल. एका आठवड्यात अंतर वाढव, दुसऱ्यात वजन, दोन्ही एकदम कधीच नाही. जूनअखेरीस पंधरा किलो घेऊन बारा किलोमीटर चाललास आणि दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरलास, तर माझ्या दृष्टीने तू तयार आहेस. वाळू सैल भरू नकोस, ती खाली सरकते आणि कमरेला ओढते. घट्ट बांधून, चादरीत गुंडाळून, खांद्याच्या पात्यांमध्ये बसेल अशी वर ठेव.

बूट आत्ताच विकत घे आणि आधी नुसते बाजारहाट करताना घाल. दोन मोजे घाल, आतला पातळ आणि बाहेरचा जाड, म्हणजे घासायचे ते मोज्याने मोज्याला घासेल. नखे सरळ कापत जा. प्रोबेशनमध्ये मी दणकट शरीराची पोरे टाचेवरच्या फोडापायी हात वर करताना पाहिली आहेत, आणि पाय रोज रात्री कोरडे करून पावडर लावणारा एक काटकुळा गढवाली शेवटपर्यंत टिकलेला मला ठाऊक आहे.

हातांचे काम सोपे आहे, वेळखाऊ नाही. दारात एक दांडा बसव आणि येता-जाता, जमतील त्याच्या निम्मेच चिनअप काढ, दिवसातून पाच-सहा वेळा. जोर-बैठका तुझ्या आजोबांनी शिकवल्या आहेतच. दोरावर चढताना दंडाने ओढू नकोस, पायांची कैची घट्ट घालून मांड्यांनी वर ढकल. जिममधला बाक आणि आरसा यांना सुट्टी दिलीस तरी चालेल.

आता उन्हाचे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि त्या उन्हात दुपारी धावून "शरीर पोलादी करण्याचा" बेत कुणीतरी तुझ्या डोक्यात घालेलच. एप्रिल-मे मध्ये साडेपाचला बाहेर पडून सातच्या आत घरी यायचे. मात्र जूनच्या मध्यात, पहिल्या सरीनंतर हवा दमट झाली की दोन आठवडे सकाळी उशिरा, पाऊण-एक तास, हलके काम कर. शरीर उष्णतेला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. हा सराव तीनेक आठवडे बसून राहिल्यास ओसरतो, म्हणून तो शेवटीच करायचा. डेहराडूनच्या जुलैत ऊन इथल्याइतके नसते, पण घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करीत नाही. तहानेप्रमाणे पाणी पी, सोबत मीठ घातलेले ताक किंवा पन्हे घे. नुसते पाणी लिटरमागून लिटर ढोसणे हेही धोक्याचे आहे, त्याने रक्तातले सोडियम उतरते. एकटा जाऊ नकोस. सोबतचा मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर तो थकला आहे असे समजू नका. ताबडतोब सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर मिळेल तितके थंड पाणी ओतत राहा, वारा घाला आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवा. त्या वेळी पहिली दहा-पंधरा मिनिटे अंग थंड करण्यासाठीच असतात. आणि जबर व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी थांबू नकोस, त्याच दिवशी रुग्णालयात जा. मोडलेल्या स्नायूंचा माल मूत्रपिंडात अडकतो.

खाण्याबद्दल तुझी आई माझ्यापेक्षा जास्त जाणते. तुझ्या पासष्ट किलो वजनाला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत, ती अंडी, डाळ, दही, फुटाणे, शेंगदाणे यांतून येतात. डब्यातल्या पावडरीशिवाय अडत नाही. भाकरी आणि भात कमी करू नकोस, कारण धावणाऱ्याने पोट मारले की आधी हाडच उपाशी राहते. रविवारी तर्री पोहे खा, मी कोण अडवणार. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र आजपासून बंद. तुझ्या वडिलांना माहीत नसले तरी तुझ्या दातांवरून मला दिसते.

झोप आठ तास घे. प्रोबेशनमध्ये झोपू देत नाहीत म्हणून आत्तापासून जागरणाचा सराव करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यातला एकही शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकल्याचे मी ऐकले नाही. उपाशी राहण्याचा, थंड पाण्यात बसण्याचा, मार खाण्याचा सरावही करू नकोस. ते सगळे तिथे उस्ताद पुरवतील, ती सामग्री घरून न्यावी लागत नाही.

आजपासून दहा दिवसांनी, पहाटे साडेपाचला, सेमिनरी हिल्सवर जपानी गार्डनच्या फाटकाशी ये. नवे बूट आणि दोन जोड मोजे सोबत आण, सॅक आणू नकोस. मी सायकलवर असेन. आधी अंगठ्याने नडगी दाबून पाहीन, आणि मगच ठरवू की त्या दिवशी धावायचे की नुसते चालायचे.

तुझा,
काका