थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच पुन्हा कधी तपासावा?

डोस ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केल्यावर १५ दिवसांतच टीएसएच तपासावा का आणि लॅबचे मोठे थायरॉईड पॅकेज घ्यावे का, असे आपण विचारले आहे. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे, थायरॉईडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की तो चढतो, जास्त झाले की उतरतो. १५ दिवसांत तो मुळीच तपासू नये. लेव्होथायरॉक्सिनचे, म्हणजे गोळीतल्या थायरॉक्सिन या थायरॉईड संप्रेरकाचे, शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नवा डोस स्थिरावायलाच पाचेक आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्या मागून सावकाश बदलतो. म्हणून ६ ते ८ आठवडे थांबूनच रक्त द्यावे. घाईच्या आकड्यावर डोस वाढवला की काय होते, हे आमच्या घराने पाहिले आहे.

माझी आई एरंडवण्यात थोरल्या भावाकडे राहत असे. त्याने तिच्यासाठी वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा आणला होता आणि दर रविवारी तो स्वतः भरून ठेवी. सकाळच्या कप्प्यात थायरॉईडची इवलीशी गोळी, कॅल्शियमची जाडजूड गोळी आणि लोहाची गोळी अशा तिन्ही एकत्र असत आणि आई त्या चहाबरोबरच घेई. कॅल्शियम व लोह थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात, त्यामुळे टीएसएच चढाच राहिला, आणि तिच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी पुरते आठवडेही न जाऊ देता डोस वाढवत नेला. आई गोळी कशी घेते, हे कोणीच विचारले नाही. पुढे ती माझ्याकडे कर्वेनगरला राहायला आली, तेव्हा कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या भावाकडेच राहिल्या. वाढवलेला डोस आता पुरता अंगी लागू लागला आणि काही आठवड्यांतच तिची झोप उडाली, हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. टीएसएच ०.१ च्याही खाली गेला होता. दुसऱ्या डॉक्टरांसमोर जुने रिपोर्ट आणि तो डबा ठेवल्यावर त्यांना सारे उमगले.

भावाचे म्हणणे आजही तेच आहे की रिपोर्ट वाढलेला होता, मग डोस वाढवायला नको होता का? नको होता. आधी गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या निदान अर्धा तास आधी घेतली जाते का आणि कॅल्शियम-लोह तिच्यापासून चार तास दूर आहे का, हे पाहायचे होते. उतारवयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होतात, तेव्हा ‘थोडा जास्त चालेल’ हा त्याचा युक्तिवाद मला कधीच मान्य होणार नाही.

पॅकेजचे पैसे वाचवावेत. टीएसएच, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास फ्री टी४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन), एवढे बहुतेकांना पुरते. आकडा स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासावे. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर ते तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवावे, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. गोळीचा ब्रँड बदलला तरी सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

हे सर्व गर्भवतींना जसेच्या तसे लागू नाही. त्यांचा टीएसएच पहिले पाच महिने साधारण दर चार आठवड्यांनी पाहतात. दोष पिट्युटरी ग्रंथीत असेल तर टीएसएचवर विसंबता येत नाही, फ्री टी४ पाहावा लागतो. आणि डोस वाढवल्यावर धडधड सुरू झाली, तर सहा आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.