ओल्ड्समोबिलसारखा जुना अमेरिकन मोटार ब्रँड बंद का पडला?

मुख्य कारण म्हणजे ओल्ड्समोबिलचं वेगळेपण मालक कंपनी जनरल मोटर्सनेच पुसून टाकलं. 1978 सालच्या डिझेल इंजिनाने बदनामीत भर घातली. जनरल मोटर्सच्याच शेव्हरोलेपेक्षा वरची, कॅडिलॅकपेक्षा स्वस्त अशी ही गाडी मध्यमवर्ग घ्यायचा तो तिच्या इंजिनिअरिंगसाठी. गिअर आपोआप बदलणारी हायड्रामॅटिक आधी इथेच आली, 1949 मध्ये रॉकेट व्ही-8 इंजिन आलं, आणि 1976 मध्ये ओल्ड्समोबिलचं कटलस हे मॉडेल अमेरिकेत सर्वाधिक खपलं. पुढच्याच वर्षी ग्राहकांना बॉनेटखाली शेव्हरोलेचं इंजिन सापडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. मग डिझेल. त्यात दाब पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त, तरी सिलिंडर हेडच्या बोल्टांची रचना पेट्रोल इंजिनाचीच ठेवली. बोल्ट ताणले जायचे, हेडखालचं गळती रोखणारं गॅस्केट उडायचं, पाणी थेट सिलिंडरमध्ये! डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टरही दिला नव्हता, त्यामुळे इंजेक्शन पंप गंजायचे. इतक्या चांगल्या नावाची ही हेळसांड अक्षम्यच होती.

मात्र सगळं खापर डिझेलवर फोडता येणार नाही: 1985 मध्येही दहा लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. खरी घसरण त्यानंतरची. जनरल मोटर्सच्याच ब्यूक, पॉन्टियाक आणि ओल्ड्समोबिल एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसू लागल्या, आणि गिऱ्हाईक होंडा-टोयोटाकडे वळलं. डिसेंबर 2000 मध्ये ब्रँड बंद करण्याची घोषणा झाली. शेवटची ओल्ड्समोबिल, अलेरो मॉडेलची, 29 एप्रिल 2004 रोजी लॅन्सिंगच्या कारखान्यातून बाहेर पडली.