लिस्बनला सहा दिवस द्या: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे महिन्याच्या सुट्टीत लिस्बनला जाणाऱ्यांचे बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (पुणे): आठ दिवसांची रजा आहे. लिस्बन, माद्रिद, बार्सिलोना तिन्ही करायचं ठरवलंय. लिस्बनला दीड दिवस पुरेल ना?

नाही पुरणार. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, वाटेत कुठेतरी बदलावंच लागतं. जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात. लिस्बनहून माद्रिदला थेट रेल्वेही नाही. उरलेले सहा दिवस तीन शहरांत वाटले, तर बॅगा भरण्यात आणि विमानतळांवर ताटकळण्यातच निम्मा वेळ जाईल. माझं ऐका, सहाही दिवस लिस्बनला द्या. चार शहराला, एक जवळच्या सिंत्रा या राजवाड्यांच्या गावाला आणि एक पूर्ण मोकळा.

आखणी करताना ठिकाणांची यादी बाजूला ठेवा आणि भागांनुसार दिवस पाडा. पहिला दिवस बाइशा आणि शियादूचा. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सगळे चर्चमध्ये जमलेले असताना, इथे प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्र शहरात शिरला आणि मग आगी लागल्या. राजाचा मंत्री, पुढे मार्किश द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने बाइशा नव्याने वसवलं. रस्ते सरळ, काटकोनात आणि घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचे सांगाडे, भूकंपात तग धरतील असे. नमुन्याची इमारत उभारून तिच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं, धक्का सोसते का ते बघायला. हे डोक्यात ठेवून त्या गल्ल्यांतून चाला आणि मग वर कार्मूच्या मठात जा. त्याचं छत तेव्हा कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही, नुसत्या दगडी कमानी उभ्या आहेत. बाहेरच्या त्याच चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही राजवटीचा पंतप्रधान कायतानू याने शरणागती पत्करली.

दुसरा दिवस आल्फामा आणि किल्ल्याचा. भूकंपातून बराचसा वाचलेला हा भाग, म्हणून गल्ल्या अजून जुन्याच, वेड्यावाकड्या. तिसरा बेलेंचा. चौथ्या दिवशी संग्रहालयं, फक्त तो सोमवार येऊ देऊ नका. बरीच संग्रहालयं आणि बेलेंमधला जेरोनिमुश मठही सोमवारी बंद असतो. शिवाय गेल्या काही काळात तिथे बऱ्याच वास्तूंची दुरुस्ती निघाली आहे, तेव्हा जे पाहायचं ते उघडं आहे का, हे त्या त्या वास्तूच्या संकेतस्थळावर आधीच बघून घ्या.

प्रश्न (डोंबिवली): बरोबर सासूबाई आहेत, वय ७१, गुडघे दुखतात. लिस्बन म्हणजे नुसते चढ असं ऐकलंय. त्यांना झेपेल का?

झेपेल, पण हॉटेल बाइशातच घ्या. हा भाग सपाट आहे. आल्फामातली घरं फोटोत सुंदर दिसतात, पण बॅग घेऊन पायऱ्या चढताना जीव जातो. दुसरं म्हणजे चपला. तिथले पदपथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी तुकड्यांचे आहेत, वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. चांगली पकड असलेले बूटच हवेत.

चढ टाळायच्या दोन फुकट सोयी आहेत. बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालून शिरा, सरकत्या जिन्यांनी थेट वर शियादूत निघाल. किल्ल्याकडे जायला रुआ दुश फांकेरुशवरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. तिथून वर येऊन थोडं चाललं की दुसरी लिफ्ट, तीही फुकट. बराचसा चढ तिथेच संपतो.

२८ नंबरच्या ट्राममध्ये बसायचं असेल तर सकाळी लवकर आणि मार्तिं मुनीशच्या सुरुवातीच्या थांब्यावरूनच चढा, म्हणजे सासूबाईंना बसायला मिळेल. दुपारी त्या ट्राममध्ये उभं राहायलाही जागा नसते आणि पाकीटमारांचं तर फावतंच. पासपोर्ट हॉटेलातच ठेवा.

प्रश्न (नाशिक): आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहू का?

उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. ज्या पेस्ट्रीसाठी बेलेंमध्ये १८३७ पासूनच्या दुकानासमोर रांगा लागतात, तिच्या पोटात अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड असतं. काल्दू व्हेर्दू हे हिरवं सूप साधं दिसतं, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या सॉसेजची चकती असते. मार्तिं मुनीशच्या आसपास भारतीय वाणसामानाची दुकानं आणि खानावळी आहेत. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. आणि एक: हॉटेलात बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत द्या, कोणी वाईट मानत नाही.

प्रश्न (ठाणे): व्हिसासाठी अर्ज कधी करावा?

शेंगेन व्हिसासाठी (पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण मेसाठी पंधरवड्यावर विसंबू नका, भेटीची वेळच मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. दोन-तीन देश असतील तर जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज.

प्रश्न (मडगाव): माझे आजोबा गोवा मुक्तिलढ्यात होते. लिस्बनला वास्को द गामाचा उदोउदो बघायला जायचं का, असा प्रश्न पडतो.

जरूर जा. तुमच्याइतकं तिथे पाहण्यासारखं फार कमी जणांना आहे.

जेरोनिमुशच्या चर्चमध्ये शिरल्याशिरल्या वास्को द गामाची कबर लागते. गर्दी तिथेच थांबते. तुम्ही पुढे गाभाऱ्यापर्यंत जा. राजा मानुएल आणि त्याचा मुलगा जुआंव यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहेत. मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून हा मठ उभा राहिला. पैसा कुठून आला ते ते हत्तीच सांगतात. मग बेलेंच्या बुरुजाकडे या. आत जायची गरज नाही. बाहेरून एका कोपऱ्यातल्या सज्जाखाली नीट बघा, गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, खाऱ्या वाऱ्याने झिजून नाक-डोळे बोथट झालेलं. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि १५१५ च्या मेमध्ये लिस्बनला उतरला. त्याचीच ही आठवण मानतात.

रोसियु चौकात राष्ट्रीय नाट्यगृह दिसेल. तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या न्यायासनाचा वाडा होता. १५६० मध्ये गोव्यात जे न्यायासन बसलं, त्याचं मूळ इथलं.

आणि मोकळा ठेवलेला दिवस पेनिशला द्या. लिस्बनच्या उत्तरेला समुद्राकाठचं गाव, बसने साधारण दीड तास. तिथल्या किल्ल्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा राजकीय तुरुंग होता. १९४६ साली लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर जे आंदोलन पेटलं, त्यात शिक्षा झालेल्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना तिथेच डांबलं होतं. इतरही गोमंतकीय सत्याग्रही तिथे होते. २०२४ पासून तो किल्ला राष्ट्रीय संग्रहालय आहे. आजोबांच्या सहकाऱ्यांपैकी कुणाची नावं ठाऊक असतील तर लिहून न्या आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. ज्या हुकूमशाहीशी ते लढले, तिच्याशी पोर्तुगालमधलेही हजारो लोक लढत होते, हे तिथे समजतं. लिस्बनच्या कॅथेड्रलजवळ आल्जुबचं छोटं संग्रहालयही याच विषयावर आहे, पेनिशला जमलं नाही तर निदान तेवढं चुकवू नका.

प्रश्न (कोल्हापूर): सिंत्रा एका दिवसात होतं का?

होतं, फक्त दोनच वाडे घ्या. रोसियुहून गाडी सुटते, चाळीसेक मिनिटं लागतात. पेना राजवाड्याच्या तिकिटावर वेळ छापलेली असते ती राजवाड्याच्या दाराची, बागेच्या फाटकाची नाही, आणि फाटकापासून दारापर्यंत चढून जायला अर्धा तास धरावा लागतो. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या आणि दुपारी रेगालेइराच्या बागेतली ती उलट्या मनोऱ्यासारखी जमिनीत उतरणारी गोल विहीर बघा. उन्हाळ्यातही वर डोंगरावर धुकं आणि गारवा असतो, पातळ जाकीट बरोबर असू द्या.