हरलेल्या डावांचे कागद कुठे आहेत?

नमस्कार ताई,

मुलुंडहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा आठवीत, मोबाइलवर रोज तीन तास बुद्धिबळ, तरी फिडे रेटिंग (जागतिक बुद्धिबळ संघटनेचे खेळाच्या ताकदीचे गुण) वर्षभर १४८० च्या आसपासच. आणि आता त्याला शाळा सोडून पूर्णवेळ खेळायचंय.

शाळा सोडवू नका. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवायला साधारणपणे २५०० रेटिंग लागतं, वर तीन नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धांत ठरलेल्या दर्जाची कामगिरी. नागपूरच्या दिव्या देशमुखला तो किताब २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी मिळाला. आपल्या मुंबईच्या प्रवीण ठिपसेंना १९९७ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर. रेल्वेत खेळाडू कोट्यातून नोकरी मिळते, पण तिथेही शिक्षणाची अट असतेच.

आता त्या तीन तासांबद्दल. तो खेळतोय, अभ्यास करत नाहीये. तीन मिनिटांच्या डावात बोट आधी चालतं, डोकं मागून येतं. स्पर्धेच्या मोठ्या डावात प्रत्येक चाल लिहावी लागते. ते कागद कुठे आहेत, विचारा बरं त्याला. बहुतेक दप्तराच्या तळाशी चुरगळलेले सापडतील! ते बाहेर काढा. शनिवारी हरलेला एकच डाव खऱ्या पटावर मांडायचा. 'इथे मला काय वाटलं होतं, काय दिसलं नाही' हे पेन्सिलने वहीत लिहायचं. कॉम्प्युटर त्यानंतर. कॉम्प्युटर फक्त योग्य चाल सांगतो. घोडा फुकट का गेला, घाई झाली की घड्याळाची भीती वाटली, हे फक्त मुलालाच ठाऊक असतं. पाच-सहा डावांनंतर तीच चूक पुन्हापुन्हा दिसू लागेल. तोच त्याचा अभ्यासक्रम.

बाकीच्या दिवशी तासभर पुरे: थोडी कोडी, मोहरे न हलवता पूर्ण उत्तर मनात काढून, आणि थोडे शेवटचे खेळ (मोजकेच मोहरे उरल्यावरचा डाव), आधी राजा-प्याद्यांचे, मग हत्तीचे. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, पाठांतरात या वयात फार वेळ घालवू नये, असं माझं मत. मोबाइलवरचे झटपट डाव रविवारी खेळू दे. अगदी बंद केलेत तर चोरून खेळेल.

क्लासच्या फीबद्दल विचारलंय. पैसे भरण्याआधी सरांना एवढंच विचारा, 'याचे स्वतःचे डाव तुम्ही बघणार का?' सगळ्या मुलांना एकच छापील कोडी मिळणार असतील, तर ती घरीही सोडवता येतील.